ताई, वाटीतली तर्री परत वाढली कशी?

यावेळी मेल आणि पत्रं मिळून बऱ्यापैकी गठ्ठा जमलाय आणि त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच विषयावरचे, कॉलेजच्या शॉर्ट फिल्मची कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळणं. दरवर्षी सबमिशन जवळ आलं की हे होतंच, शूटिंगच्या आधी कोणी काही विचारत नाही आणि एडिटला बसल्यावर डोक्याला हात लावून सगळे विचारतात. असो. मी मुंबईत बरीच वर्षं एडिट टेबलवर काढून परत नाशिकला आलेली बाई, त्यामुळे सांगणार ते टेबलावरून दिसतं तसंच, कॅमेरावाले वेगळं सांगतील, त्यांचंही ऐका.

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपला तीन मिनिटांचा कंटिन्युटी एक्सरसाइज होता. सीन साधाच, दोन मित्र मिसळीच्या हॉटेलात बसलेत, एकाला पुण्यात नोकरी लागलीय आणि ते दुसऱ्याला सांगायचा धीर होत नाहीये. शूट करताना भारी वाटलं, एडिटला घेतलं तर पार वाट लागलीय. एका शॉटला पाव अर्धा, पुढच्याला अख्खा, तर्री कमी होते आणि परत वाढते, चमचा कधी या हातात कधी त्या हातात. सर म्हणतात रीशूट करा, पण हॉटेलवाले काका आता आम्हाला दारातही उभं करणार नाहीत. काही वाचेल का?
- तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : वाचेल रे, पण आधी हे मान्य कर की पहिल्याच एक्सरसाइजला तुम्ही सगळ्यात अवघड पदार्थ निवडलात. चहाचा कप घेतला असता तर एकच वस्तू सांभाळायची होती. आपली मिसळ म्हणजे ताटात मटकी, शेव, वेगळा रस्सा, कांदा, लिंबू, दही, पापड, दोन पाव, आणि यातली प्रत्येक गोष्ट दर मिनिटाला बदलते, शेव भिजते, पापड मोडतो, लिंबू पिळलं की पिळलेलंच दिसतं, आणि वाफ तर पहिल्या टेकच्या आधीच गेलेली असते. जाहिरातीत एवढ्याशा खाण्याच्या शॉटसाठी अख्खी टीम राबते ती उगाच नाही.

आता जे हातात आहे त्याचं बघू. सीन कशाचा आहे? मिसळीचा नाही, एका मुलाला सांगायचंय आणि सांगता येत नाहीये त्याचा आहे. मग टाइमलाइनवरून (सॉफ्टवेअरमधली शॉट जोडायची पट्टी) सगळं एकदा काढून टाक, कोरी टाइमलाइन घे आणि फक्त चेहऱ्यांचे क्लोज लाव, ज्यात ताट फ्रेमच्या बाहेर आहे असेच. हे शॉट कुठेही बसतात कारण त्यात बदलणारं काही दिसतच नाही. त्यावर सीन उभा राहतो का बघ, माझा अंदाज सत्तर टक्के उभा राहील. मग वाइड कुठे लागतो ते ठरव, बहुतेक सुरुवातीला एकदा, म्हणजे कोण कुठे बसलंय ते कळायला, आणि शेवटी एकदा, जेव्हा ताटं रिकामी आहेत. मधे ताट दिसलं नाही तर माणूस समजून जातो की खाणं चालू होतं. अर्ध्या पावाचे आणि अख्ख्या पावाचे शॉट शेजारी-शेजारी आले तरच चुकीचे, मधे दहा सेकंदांचा समोरच्याचा चेहरा टाक, बघणाऱ्याच्या डोक्यात दहा सेकंदांचं खाणं आपोआप होतं. उलटं मात्र चालत नाही हां, अर्ध्याचा अख्खा कधीच होत नाही, एवढा एकच क्रम पाळ.

आणि जिथे अगदीच अडतंय तिथे इन्सर्ट कर. तसंच ताट, तसाच स्टीलचा चमचा, टेबलाचा सनमायका साधारण त्या रंगाचा, आणि वरून फक्त हात आणि वाटी. हे घरी स्वयंपाकघरात होतं, हॉटेलवाल्या काकांना त्रास नाही. शर्टाची बाही तेवढी तीच घाल, घड्याळ असेल तर घड्याळ. असा चार-पाच सेकंदांचा शॉट कुठलीही फाटकी जागा शिवतो. आमच्याकडे याला पॅच म्हणतात, आणि मोठ्या मोठ्या सिनेमांतही पॅचचं शूटिंग नंतर होतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता पुढच्या वेळचं, कारण पुढची वेळ येणारच. खाण्याचा सीन असेल तर खाणं संवादाला बांधून टाकायचं. म्हणजे 'पुणे' हा शब्द आला की पाव मोडायचा, 'कधी?' विचारलं की चमचा खाली ठेवायचा, आणि हे मास्टर शॉटला (अख्खा सीन लांबून सलग घेतात तो) ठरलं की मिड (कमरेपासून वरचा), क्लोज, सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसरा दिसतो तो) सगळ्यांत तेच, त्याच शब्दावर, त्याच हाताने. नट जेवढं कमी खाईल तेवढं बरं, नीट बघितलंस तर पडद्यावर लोक जेवायला बसतात आणि नुसतं चिवडत असतात. तिसरं म्हणजे ताटं तीन अवस्थांची तयार ठेवायची, भरलेलं, अर्धं, संपलेलं, आणि टेक परत घ्यायचा तर ताटही परत बदलायचं. खर्च वाढतो, पण तीन जास्तीच्या मिसळी रीशूटपेक्षा स्वस्त आणि नंतर युनिटला खायलाही होतात.

फोटो काढता ना? सगळे काढतात, पण टेक सुरू व्हायच्या आधी काढतात. खरा फोटो टेक संपल्यावरचा, 'कट' म्हटल्याबरोबर कोणी हलायच्या आत, कारण पुढचा शॉट तिथून सुरू करायचा असतो. आणि तो कॅमेऱ्याच्याच जागेवरून काढायचा, बाजूने काढलेल्या फोटोत चमचा कुठे होता ते कळतच नाही.

एक महत्त्वाची गोष्ट राहिली, ती म्हणजे ओव्हरलॅप. तुमच्या फुटेजमधे (तू पाठवलेली लिंक बघितली मी) प्रत्येक शॉट बरोब्बर तिथे सुरू होतो जिथे आधीचा संपला, म्हणजे तुम्ही शूट करताना डोक्यात एडिट करून टाकलंत, आणि मला हलायला जागाच ठेवली नाही. पाव तोंडाकडे न्यायची क्रिया वाइडमधे पूर्ण होऊ दे, मग क्लोजमधे तीच क्रिया परत पहिल्यापासून पूर्ण कर. दोन्हीकडे आख्खी असली की कट कुठे मारायचा ते टेबलावर ठरवता येतं, आणि तो मारायचा हात अर्ध्यात असताना. हात उचलायच्या आधी कट मारला तर कट दिसतो, हात तोंडापाशी पोचल्यावर मारला तरी दिसतो, पण हात वर जाताना मारला तर डोळा हाताच्या मागे धावत असतो आणि कट निसटून जातो. यालाच मॅच ऑन अॅक्शन म्हणतात आणि कंटिन्युटी एडिटिंगचा निम्मा जीव त्यात आहे. एक-दोन फ्रेम मागेपुढे करून बघ, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे २५ चित्रं असतात, त्यातल्या दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा साधारण बारावा हिस्सा, पण फरक कळतो.

आणि हो, तुमचे दोन मिड शॉट जवळजवळ एकाच जागेवरून आहेत, कॅमेरा वीतभर सरकवलाय. ते जोडले की माणूस जागच्या जागी दचकल्यासारखा दिसतो. कॅमेरा हलवायचा तर निदान ३० अंश तरी फिरवा आणि सोबत शॉटचा साइजही बदला, नाहीतर हलवूच नका.

प्रश्न : ताई नमस्कार. माझ्या फिल्ममधे मुलगा गोदाघाटावरून चालत कामाला जातो. सगळे शॉट सुंदर आलेत पण बघणारे म्हणतात हा अर्ध्यात मागे का वळला. वळलाच नाहीये तो. दुसरा प्रॉब्लेम म्हणजे आम्ही दोन रविवारी शूट केलं. पहिल्या रविवारी दुतोंड्या मारुतीचा पायथा कोरडा होता आणि दुसऱ्या रविवारी गुडघ्यापर्यंत पाणी. आता काय करू?
- विद्यार्थिनी, सिडको

उत्तर : तुझं पत्र वाचून मी आधी खूप हसले, मग वाईट वाटलं. अगं, ज्या मारुतीकडे बघून अख्खं नाशिक पुराचा अंदाज घेतं, पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं असं ज्याच्या अंगावर मोजतं, तोच तू बॅकग्राउंडला ठेवलास. कंटिन्युटी चुकली हे ओरडून सांगणारा यापेक्षा मोठा साक्षीदार गावात नाही.

आधी दिशेचं. तू काही शॉट जुन्या नाशिकच्या बाजूने घेतलेत आणि काही पंचवटीच्या बाजूने, दोन्हीकडून घाट छान दिसतो म्हणून. आता डोळे मिटून विचार कर, जुन्या नाशकाच्या काठावर उभं राहून पाण्याकडे बघितलं तर गोदावरी डावीकडून उजवीकडे वाहते, आणि पंचवटीच्या काठावरून बघितलं तर उजवीकडून डावीकडे. नदी तीच, तू काठ बदललास. तुझा मुलगा पाण्याच्या दिशेनेच चालतोय, पण काठ बदलल्याबरोबर पडद्यावर उलटा चालायला लागला. पुस्तकात १८० अंशांचा नियम म्हणून जे देतात ते हेच, दोन माणसांमधे किंवा चालणाऱ्या माणसाच्या वाटेवर एक काल्पनिक रेष असते, कॅमेरा तिच्या एकाच अंगाला ठेवायचा. सेटवर नुसतं 'लाइन क्रॉस झाली' म्हणतात. मी मुलांना आता नदीच दाखवते, काठ ओलांडायचा नाही, संपलं.

ओलांडायचाच असेल तर बघणाऱ्याला सोबत घेऊन ओलांडायचा. होळकर पुलावर कॅमेरा ठेव आणि तो समोरून सरळ कॅमेऱ्याकडे चालत येऊ दे. समोरून येणाऱ्याला डावंउजवं नसतं, त्यामुळे या शॉटनंतर तो कुठल्याही दिशेला गेला तरी खटकत नाही. किंवा एकाच शॉटमधे कॅमेरा त्याच्यासोबत फिरत रेष पार करू दे. किंवा मधे घंटेचा, कबुतरांचा, कपडे धुणाऱ्या बाईच्या हातांचा एक कटअवे, म्हणजे मुलगा न दिसणारा मधला शॉट टाक, हा उपाय सगळ्यात कामचलाऊ आहे पण तुझ्याकडे घाटाचं फुटेज भरपूर आहे तर आत्ता हाच कर. फ्रेममधून जाण्यायेण्याचंही तसंच, उजवीकडून बाहेर गेला तर पुढच्या फ्रेममधे डावीकडून आत, आणि दोन्ही बाजूंना सेकंदभर रिकामी फ्रेम चालू ठेव, कट करायला सोपं जातं. कामाला जाताना डावीकडून उजवीकडे ठरवलंस तर संध्याकाळी घरी येताना उजवीकडून डावीकडे घे, मग एकही वाक्य न बोलता कळतं की हा परत निघाला.

आता पाणी. तीन रस्ते आहेत. दुसऱ्या रविवारचे फक्त टाइट शॉट वापर, ज्यात नदी नाही, पायऱ्या, पाय, मान, भिंत. दुसरा, गोष्टच वाकव, तो कामाला दोन वेगवेगळ्या दिवशी जातोय असं कर, मधे एक रात्रीचा शॉट टाकला की पाणी वाढलेलं ही चूक राहत नाही, दिवस गेले याची खूण होते, आणि खरं सांगू, मला हा रस्ता तुझ्या फिल्मसाठी जास्त आवडेल, कारण रोज तीच वाट आणि नदी मात्र बदलतेय यात काहीतरी आहे. तिसरा रस्ता रीशूट. त्याला जाणार असशील तर पावसाळ्यात निघायच्या आधी गंगापूर धरणातून विसर्ग किती क्युसेकने चालू आहे ते बातम्यांत बघून निघ, वरून पाणी सोडलं की इकडे घाट गेलाच.

उन्हाचंही बघ. सकाळी ऊन पंचवटीच्या बाजूने येतं, दुपारनंतर पार उलट. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे नाश्ता करून परत येईपर्यंत सावल्या सरकलेल्या असतात. म्हणून वाइड आधी सलग उरकायचे, कारण त्यात सावल्या आणि मागचं सगळं दिसतं, आणि क्लोज नंतर, त्यात पांढरा थर्माकोल किंवा घरातली पांढरी चादर धरून चीट करता येतं, म्हणजे उजेड तोच असल्याचं भासवता येतं.

जागांची चीटिंग तर याहून सोपी आहे. १९२०च्या आसपास रशियात कुलेशॉव नावाच्या दिग्दर्शकाने वेगवेगळ्या ठिकाणचे शॉट एकापुढे एक जोडून दाखवले होते आणि बघणाऱ्याला ती एकच जागा वाटली. तुझा मुलगा घाटाच्या पायऱ्या चढतो, कट, आणि पुढच्या शॉटला पांडवलेणीच्या पायऱ्या चढतोय, चालण्याची दिशा आणि वेग जुळला तर नाशिककर सोडून सगळ्यांना पटेल. नाशिककर मात्र थिएटरात हमखास ओरडणार.

प्रश्न : हॉटेलातल्या ट्यूबलाइटखाली मोबाइलवर शूट केलं तर व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. मोबाइल खराब आहे का?
- सातपूर

उत्तर : मोबाइल चांगला आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि मोबाइल बहुतेक सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटरवर (दर फ्रेमला सेकंदाचा साठावा हिस्सा उजेड घेणं) होता, दोघांचा ताल जुळत नाही. मॅन्युअल कंट्रोल देणारं कॅमेरा अॅप घे, २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेव, उजेड जास्त असेल तर १/१००. तिथेच व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) दोन्ही लॉक कर, ऑटोवर ठेवलं तर पांढऱ्या शर्टवाला समोरून गेला की अख्खा सीन काळवंडतो आणि मग दोन शॉट रंगाने जुळवता जुळवता रात्र जाते. लेन्सही एकच वापर, एकाचा क्लोज १एक्सने, म्हणजे नेहमीच्या लेन्सने, आणि दुसऱ्याचा वाइड लेन्सने जवळ जाऊन घेतला तर दुसऱ्याचं नाक मोठं दिसतं आणि तो उगाच विनोदी वाटतो.

प्रश्न : चित्र जुळतंय पण प्रत्येक कटला आवाज बदलतो, पंख्याची घरघर कमीजास्त होते. शिवाय देवळातून भजन चालू होतं ते कटला कटला उड्या मारतंय.
- पंचवटी

उत्तर : चित्रातली चूक डोळा माफ करतो, कान करत नाही. घरघरीला उपाय रूम टोन. प्रत्येक लोकेशनवर शूटिंग संपलं की सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची, त्यात पंखा, फ्रिज, रस्ता जे असेल ते येऊ दे. मग हा एक मिनिटाचा आवाज सगळ्या सीनखाली सलग अंथरायचा, गोधडीखाली चादर असते तसा, आणि संवादाचे तुकडे त्यावर दोन-तीन फ्रेमच्या फेडने बसवायचे. केलं नसेल तर दोन वाक्यांच्या मधल्या रिकाम्या जागा गोळा करून चिकटव, तेवढ्यावर भागतं. पंखा शक्य असेल तर बंदच करा, पाच मिनिटं घाम आला तर येऊ दे.

भजनाला मात्र उपाय नाही. मागे गाणं किंवा लाउडस्पीकर चालू असेल तर संवाद शूट करायचेच नाहीत, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गाण्याला स्वतःची कंटिन्युटी असते आणि ती तुमच्या टेकची वाट बघत नाही. संवाद परत रेकॉर्ड करा, त्याच जागी, शांत वेळेला, ओठ फार दिसत नाहीत असे शॉट निवडा, आणि भजन हवंच असेल तर वेगळं सलग रेकॉर्ड करून खाली लावा.

आणि चित्र आणि आवाज एकाच जागी कापायचं बंद करा. एकाचं बोलणं चालू असतानाच दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जा, आवाज मागचाच चालू, हा एल कट. पुढच्या माणसाचा आवाज आधी येऊ दे, चेहरा नंतर, हा जे कट. नावं टाइमलाइनवर तुकडे कसे दिसतात त्यावरून पडलीत, पाठ करायची गरज नाही. मिसळवाल्या मुला, हे तूही वाच, तुझा 'मला पुण्याला...' हा डायलॉग मित्राच्या चेहऱ्यावर पडू दे, बोलणाऱ्याच्या नको.

मोबाइलचं चित्र आणि वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज शेवटी शेवटी पुढेमागे होत असेल तर मोबाइलने फ्रेमरेट कमीजास्त ठेवून रेकॉर्ड केलंय. एडिटला घ्यायच्या आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेटला कन्व्हर्ट करून घ्या. आणि चित्र-आवाज जुळवायला प्रत्येक टेकला टाळी, क्लॅप नसेल तर हाताची.

प्रश्न : ताई, राग मानू नका, पण आता रील्समधे सगळे जंप कटच असतात आणि लोक बघतात. मग हे १८० अंश, ३० अंश जुनं झालंय असं नाही का वाटत?
- विद्यार्थी, इंदिरानगर

उत्तर : राग कसला. जंप कट, म्हणजे एकाच शॉटमधला मधला तुकडा उडवून मारलेली उडी, मीही मारते. कॅमेऱ्याकडे बघून एक माणूस बोलतोय तेव्हा त्याचं बोलणं हाच धागा असतो, मधले श्वास कापले तरी धागा तुटत नाही. पण दोन माणसं एका खोलीत भांडतायत तेव्हा धागा खोलीचा आणि नजरेचा असतो, तिथे कोण कोणाकडे बघतंय हेच कळेनासं झालं तर भांडण मेलं. राइट लुक आणि लेफ्ट लुक समोरासमोर बसले पाहिजेत, दोघंही उजवीकडे बघत असतील तर ते भांडत नाहीयेत, बसची वाट बघतायत.

तुझ्या बाजूने पण बोलते. वॉल्टर मर्च म्हणून मोठा अमेरिकन एडिटर आहे, त्याने चांगल्या कटचे सहा निकष टक्क्यांत मांडलेत. भावनेला ५१ टक्के, गोष्ट पुढे नेण्याला २३, लयीला १०, बघणाऱ्याची नजर पडद्यावर कुठे आहे त्याला ७, पडद्याच्या सपाट चौकटीतल्या मांडणीला ५ आणि आपण ज्याच्यासाठी जीव काढतोय त्या प्रत्यक्ष जागेच्या कंटिन्युटीला उरलेले ४. म्हणजे रडण्याचा खरा टेक आणि पदर बरोबर खांद्यावर असलेला टेक यात निवडायची वेळ आली तर पदर गेला खड्ड्यात. आपल्याच मातीतलं उदाहरण हवं तर दादासाहेब फाळके, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. त्यांच्या १९१७च्या 'लंकादहन'मधे राम आणि सीता दोन्ही कामं अण्णा साळुंके या एकाच नटाने केली आणि लोकांनी मान्य केलं. एवढी मोठी न जुळणारी गोष्ट लोक सोडून देतात आणि तुझ्या फिल्ममधला चमचा का पकडतात? कारण तुझ्या सीनमधे त्या क्षणी चमच्यापेक्षा बघण्यासारखं काही नव्हतं. लागलं का? लागू दे.

पण ४ टक्के सोडायचे की नाही हे ज्याला ते सांभाळता येतात त्यानेच ठरवावं. तुझा प्रोजेक्ट कंटिन्युटीचा आहे, तो कंटिन्युटीत कर. जंप कट पुढच्या सेमला.

प्रश्न : माझी मुलगी मास मीडियाला आहे. ग्रुपमधे एकजण डायरेक्टर, एकजण कॅमेरामन, आणि हिला दिलंय कंटिन्युटी. दिवसभर वही घेऊन उभी असते, कोणाची बटणं किती उघडी आहेत ते लिहिते. घरी येऊन रडली. हे कमीपणाचं काम आहे का हो?
- एक आई, नाशिक रोड

उत्तर : ताई, तुम्हाला एक गोष्ट सांगते. मी शिकत असताना मलाही हेच दिलं होतं आणि मीही फुगून बसले होते. सीन असा, मुलगा पावसातून भिजून घरात येतो. बाहेरचं शूट सकाळी, बादल्यांनी पाणी ओतून. घरातलं शूट दुपारी, जेवण झाल्यावर. मी रागात जेवायला मागे थांबले, वही बंद. रात्री फुटेज बघितलं तर दाराबाहेर मुलाच्या केसांतून पाणी गळतंय आणि दारातून आत पाऊल टाकलं की केस कोरडे, वर भांग पाडलेला. कोणी काही बोललं नाही तेच जास्त लागलं. मग दुसऱ्या दिवशी एक शॉट घेतला, खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल येऊन पडतो, बस्स, तीन सेकंद. बाहेर मुलगा, टॉवेल, आत मुलगा. त्या टॉवेलने सीन वाचवला आणि मला कळलं की मला कॅमेऱ्यामागे नाही, टेबलावर बसायचंय.

हिचं काम बटणं मोजायचं नाही. हा तुकडा त्या तुकड्याला जोडला जाणार आहे की नाही हे अख्ख्या सेटवर फक्त तिला माहीत असतं. डायरेक्टरला पुढचा शॉट दिसत असतो, कॅमेरामनला उजेड. इंडस्ट्रीत हे पूर्ण वेळेचं, पैसे मिळणारं काम आहे, त्याला स्क्रिप्ट सुपरवायझर म्हणतात, आणि एडिटरचं पहिलं बोलणं त्याच्या वहीशी होतं. फाळक्यांचंच बघा, १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम करत टिपलं होतं. दिवसच्या दिवस कॅमेरा तसूभर हलू द्यायचा नाही आणि उजेड सांभाळायचा, दुसरं काय होतं ते?

तिला सांगा, वहीत बटणं जरूर लिही पण दर टेकला हेही लिही, शॉट नंबर, टेक नंबर, किती वेळाचा, ओके की एनजी (नो गुड, बाद) आणि एनजी तर का, कुठल्या शब्दावर कोण उठलं, कुठल्या हाताने काय उचललं, नजर डावीकडे की उजवीकडे, आणि लेन्स. 'टेक ३, शेवटचं वाक्य छान, सुरुवात वाईट' एवढी एक ओळ एडिटरचे दोन तास वाचवते. आणि 'कट' झाल्यावर तिने हात वर करून 'एक मिनिट, हलू नका' म्हणायला शिकलं पाहिजे, तेवढा आवाज तिला काढता आला की ग्रुप तिच्या तालावर नाचेल. रडणं एक-दोन दिवस चालतं, जेवू घाला.

प्रश्न : एडिटला लॅपटॉप हँग होतो. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?
- देवळाली कॅम्प

उत्तर : दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विद्यार्थ्यांना पुरून उरते. हँग होतंय कारण फोरके फुटेज सरळ टाइमलाइनवर ओढताय, आधी प्रॉक्सी, म्हणजे त्याच फुटेजच्या हलक्या प्रती, बनवा, त्यावर एडिट करा, शेवटी मूळ फुटेज जोडून एक्स्पोर्ट. आणि मूळ फुटेज दोन ठिकाणी ठेवा. एक पेन ड्राइव्ह हे एकच ठिकाण धरलं जातं.

प्रश्न : ताई, तुम्ही दुसऱ्यांच्या चुका काढता म्हणून सांगतो. मागच्या अंकात तुमच्या फोटोत घड्याळ डाव्या हातात होतं, त्याआधीच्या अंकात उजव्या हातात. कंटिन्युटी?
- एक जुना वाचक, अशोकस्तंभ

उत्तर : सापडले. फोटो एकच आहे हो, पानाच्या मांडणीत माझा चेहरा मजकुराकडे बघणारा हवा म्हणून मांडणीवाल्यांनी मागच्या वेळी तो आडवा उलटा केला. आम्हीही टेबलावर हेच करतो, लाइन क्रॉस झालेला एखादा क्लोज फ्लॉप करून टाकला की माणूस लगेच योग्य दिशेला बघायला लागतो, सिडकोवालीने हा उपाय एखाद्या शॉटला करून बघायला हरकत नाही. फक्त फ्रेममधे दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, शर्टाचा खिसा, केसांचा भांग आणि घड्याळ नाही ना ते आधी बघायचं. मांडणीवाल्यांनी बघितलं नाही. मीही नाही.